एकाच नावाचे पीक

नव्वदीच्या दशकात वऱ्हाडातल्या तालुक्याच्या बाजारांत टीव्हीला जोडावयाचे एक खेळयंत्र विकावयास आले. यंत्र जपानी निन्टेंडोची नक्कल होते आणि त्याच्याबरोबर पिवळ्या प्लास्टिकची एक कॅसेट मिळत असे. कॅसेटवरच्या चिठ्ठीवर लाखोंचा आकडा छापलेला असे : ९,९९,९९९ खेळ एकात! बापाने कापसाच्या पैशातून ते घरी आणले की पोर अर्ध्या तासात सारा हिशेब उलगडी. यादीच्या पहिल्या पानावर मारिओ, कॉन्ट्रा, रणगाडे आणि बदकांची शिकार. दुसऱ्या पानावर तोच मारिओ, नाव मात्र वेगळे. तिसऱ्या पानावर तोच कॉन्ट्रा, फक्त सुरुवातीलाच हातात दुसरी बंदूक. लाखोंच्या यादीत खरे खेळ निघत ते दहा-बारा.

ती फसवणूक नकली माल खपवणाऱ्या किरकोळ व्यापाऱ्याची होती. त्यात रागावण्यापेक्षा हसण्यासारखेच अधिक होते. परंतु जगातल्या बड्या प्रकाशन कंपन्यांनी पुढे तोच धंदा राजरोस, स्वतःच्या नावानिशी आणि सणसणीत किमतीला चालवला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन कंपनीने १९९३ पासून ‘फिफा’ या नावाने दरवर्षी फुटबॉलचा एक खेळ विकला. २०१९ ते २०२२ या चार वर्षांत निन्टेंडोच्या स्विच यंत्रासाठी तिने जो खेळ काढला त्याला तिनेच ‘लेगसी एडिशन’ असे गोंडस नाव दिले होते. त्यात नवे काय होते? खेळाडूंच्या याद्या आणि अंगरख्यांचे रंग. खेळ जुनाच, मुखपृष्ठावरचा आकडा नवा. पिवळ्या कॅसेटवाल्याने निदान चारशे रुपयांचा माल चार वेळा विकला नव्हता.

या विषयावर या पानावर लिहावे काय, असा प्रश्न काही जुन्या कार्यकर्त्यांच्या मनात येईल. शेतमालाचे भाव, रोजगार हमीची थकलेली मजुरी, पीकविम्याचे नाकारलेले दावे हे प्रश्न समोर असताना पोरांच्या चाळ्याची चर्चा कशाला? वडनेर भोलजीत संध्याकाळी एक फेरफटका मारला की या शंकेचे उत्तर मिळते. मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर वसलेल्या या गावात, किंवा त्याच्यासारख्या कोणत्याही गावात, चहाच्या टपरीमागे चार मुले एकमेकांना खांदा लावून बसलेली असतात आणि चौघांच्या हातांतल्या चार मोबाइलवर एकच युद्ध चाललेले असते. ती त्याला ‘पब्जी’ म्हणतात. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पब्जी मोबाइलवर बंदी घातली. २ जुलै २०२१ रोजी दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने परत आणला. २०२२ च्या जुलैत तोही दुकानातून काढला गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा आला. एवढी उलथापालथ झाली तरी मुलांच्या तोंडचे नाव बदलले नाही. नावाची ही पकड हीच प्रकाशकाची खरी मत्ता आहे. खेळ फुकट मिळतो. पैसे जातात ते पात्राच्या कपड्यांवर, बंदुकीच्या रंगावर आणि आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या पेट्यांवर. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ साली अशा विकत घ्यावयाच्या पेट्यांना जुगार ठरवले. भारताने २०२५ साली ऑनलाइन खेळांचा जो कायदा केला त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. रंगीत कपड्यांचा हा बाजार त्याच्या कक्षेच्या कडेकडेने चालतो.

जो पक्ष कष्टकऱ्याच्या आठ तासांचा विचार करतो त्याने त्याच्या मुलाच्या संध्याकाळच्या दोन तासांकडे तुच्छतेने पाहून चालणार नाही. डाव्या चळवळीने चित्रपटाला एके काळी असेच हलके लेखले होते. त्याची किंमत तिने पुढे मोजली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तेच नाव, तीच कथा पुन्हा सांगणे हा मुळात दोष नाही. दोष असता तर गावोगावचे कीर्तन केव्हाच बंद पडले असते. हरिश्चंद्राचे आख्यान श्रोत्यांना पाठ असते. तरीही ते ऐकावयास पटांगण भरते, कारण या वर्षीचा बुवा ते कसे रंगवतो याची उत्सुकता असते. भारुडात, गोंधळात, तमाशाच्या गणगौळणीत हेच घडते. पात्रे जुनी, प्रसंग जुने आणि सांगणाऱ्याची जीभ मोकळी. हे शक्य होते, कारण हरिश्चंद्र कोणाच्या मालकीचा नाही. त्याच्या आख्यानासाठी कोणाला खंड भरावा लागत नाही आणि बुवाने त्यात आजच्या सावकाराचा उल्लेख केला तर न्यायालयाची नोटीस येत नाही. व्हिडिओ गेमच्या मालिकांत पुनरावृत्ती कुजते ती नेमकी या ठिकाणी. तेथे नावाला मालक आहे. सांगणारा पगारी आहे. आणि काय सांगावे ते ठरवणारा तिसराच कोणी, ज्याला कथेशी कर्तव्य नाही, तिमाहीच्या ताळेबंदाशी आहे.

पब्जीचीच वंशावळ पाहावी. आयर्लंडच्या एका तरुणाने दुसऱ्यांनी केलेल्या युद्धखेळात हौसेने फेरफार केले आणि शेवटचा उरेल तो जिंकला, हा नियम घालून ते इतर खेळाडूंना वापरावयास दिले. ही देवाणघेवाण हौशी मंडळींच्या मोकळ्या गायरानात चालली होती. २०१७ साली त्यातून विक्रीचा खेळ झाला आणि त्या गायरानाला कुंपण पडले.

या कुंपणाचा इतिहास फार जुना नाही. १९७९ साली अटारी या कंपनीतले चार प्रोग्रामर नोकरी सोडून बाहेर पडले. त्यांनी लिहिलेले खेळ लाखोंनी खपत होते. परंतु डबीवर त्यांचे नाव नव्हते आणि विक्रीत त्यांचा वाटा नव्हता. खेळ घडवणाऱ्याचे नाव छापणारी आपली कंपनी हवी, या ईर्ष्येने त्यांनी जी संस्था उभारली तिचे नाव ॲक्टिव्हिजन. पुढे हीच ॲक्टिव्हिजन मालिकांच्या दोहनाची जगातली सर्वांत मोठी पेढी झाली. बंडखोर चौघांच्या हातून ती केव्हाच निसटली होती. २००८ साली तिच्या प्रमुखाने गुंतवणूकदारांपुढे धोरण मांडले : ज्या खेळांचे दरवर्षी, प्रत्येक यंत्रावर दोहन करता येत नाही आणि ज्यांतून दहा कोटी डॉलरांची मालिका उभी राहण्याची शक्यता दिसत नाही, ते खेळ कंपनी काढणार नाही. एवढ्या उघडपणे साखर कारखान्याचा अध्यक्षही सभासदांच्या सभेत बोलत नाही.

बोलल्याप्रमाणे घडलेही. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ हा युद्धखेळ २००३ साली आला आणि २००५ पासून त्याचा मुख्य भाग एकही वर्ष चुकलेला नाही. ‘गिटार हीरो’ ही २००५ मध्ये सुरू झालेली संगीताची मालिका अधिक बोलकी आहे. प्लास्टिकची गिटार हातात घेऊन गाण्याच्या तालावर बोटे चालवण्याचा तो खेळ खरोखर आनंदाचा होता. मित्रमंडळी एकत्र जमून तो खेळत. तो खपतो असे दिसताच कंपनीने एकट्या २००९ साली त्याच्या घराण्यातले जवळजवळ अर्धा डझन खेळ बाजारात ओतले. गिऱ्हाइकाच्या घरात प्लास्टिकच्या गिटारींचा ढीग झाला आणि दुकानात नव्या पेट्यांचा. २०११ च्या फेब्रुवारीत कंपनीने तो विभागच बंद केला आणि एकंदर सुमारे पाचशे लोकांच्या नोकऱ्या गेल्या. सहा वर्षांत एक चांगली कल्पना जन्मली, पिळली गेली आणि फेकली गेली. ज्यांनी पिळली त्यांच्या ताळेबंदात तोपर्यंत नफा नोंदला गेला होता.

नांदुरा तालुक्यातल्या शेतकऱ्याला हे समजावण्यासाठी अर्थशास्त्राचे पुस्तक नको. एकाच वावरात सलग वर्षे तेच पीक घेतले तर काय होते, हे त्याला बेवड या एका शब्दात कळते. त्यात बीटी कापसाचा अनुभव ताजा आहे. २००२ साली जालन्याच्या महिकोने मोन्सॅन्टोबरोबर बोंडअळीला मारणारा जनुक भारतात आणला. २००६ साली दोन जनुकांचे बियाणे आले. मग शेकडो वाण, अनेक कंपन्यांची पाकिटे, पाकिटावर निरनिराळी चित्रे आणि आत तोच जनुक. प्रत्येक पाकिटामागे जनुकाच्या मालकाला शुल्क. २०१६ साली केंद्र सरकारने ते १६३ रुपयांवरून ४९ वर आणले आणि २०२० साली शून्य केले. पण तोवर गुलाबी बोंडअळीने त्या जनुकाशी जुळवून घेतले होते. २०१७ च्या हंगामात विदर्भातल्या शेतकऱ्याने बोंड फोडून आत अळी पाहिली. नावाजलेल्या खेळाचे आणि नावाजलेल्या जनुकाचे अर्थशास्त्र एकच आहे. जे चालते ते सर्वत्र पेरावे, दर पाकिटाला खंड घ्यावा आणि जमीन किंवा माणूस थकला की तोटा त्याच्या पदरात टाकावा. फरक इतकाच की कापूस बुडाला तर घर बुडते. खेळ कंटाळवाणा झाला तर मूल दुसरा शोधते. म्हणून या तुलनेला फार ताणू नये.

प्रकाशकांचे म्हणणे ऐकून घ्यावयास हवे. ते सांगतात की मोठा खेळ घडवण्याचा खर्च आता बेसुमार वाढला आहे. अनोळखी नावावर एवढा पैसा लावणे म्हणजे आत्मघात. खर्चाबद्दल ते खोटे बोलत नाहीत. ॲक्टिव्हिजनच्याच एका अधिकाऱ्याने अमेरिकन न्यायालयात दिलेल्या निवेदनानुसार २०२० च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी : ब्लॅक ऑप्स कोल्ड वॉर’ या एका भागाचा निर्मितिखर्च त्याच्या साऱ्या आयुष्यात सत्तर कोटी डॉलरांच्या वर गेला. पण हा खर्च आकाशातून पडलेला नाही. गेल्या वर्षीच्या भागापेक्षा या वर्षीचा भाग वेगळा वाटावा म्हणून गवताचे पाते अधिक खरे, धूर अधिक दाट, नकाशा अधिक विशाल करावा लागतो; कारण कल्पना बदलण्याची परवानगी नाही. जे कल्पनेने भागले असते ते शेकडो माणसांच्या रात्रपाळ्यांनी भागवले जाते. मग तो खर्च वसूल करण्यासाठी तेच नाव पुन्हा हवे. हा घाण्याचा बैल आहे, आणि घाण्याचा मालक म्हणतो की बैलालाच गोल फिरणे आवडते.

लोकच हे विकत घेतात, हा दुसरा युक्तिवाद. लोक घेतात, यात शंका नाही. ज्या खेळात सारे मित्र आहेत तो सोडून एकट्याने दुसरीकडे जाणे चौदा वर्षांच्या मुलाला सोपे नसते. त्याच्या मैत्रीचाच येथे भाव केलेला आहे.

या घाण्याला जुंपलेल्या माणसांकडे आता वळले पाहिजे. कारण या विषयाचे मर्म मुलाच्या मोबाइलमध्ये जितके आहे त्याहून अधिक खेळ घडवणाऱ्याच्या मेजावर आहे. मुलांसाठी रंगीबेरंगी साहसखेळ करणारा अमेरिकेतला टॉइज फॉर बॉब हा स्टुडिओ २०२१ साली ॲक्टिव्हिजनने कॉल ऑफ ड्यूटीच्या मदतीला जुंपला. विस्कॉन्सिनमधल्या रेव्हन सॉफ्टवेअर या दुसऱ्या स्टुडिओत त्याच मालिकेच्या चुका शोधणारे टेस्टर कंत्राटावर काम करीत होते. २०२१ च्या डिसेंबरात त्यांच्यातल्या बारा जणांना कंत्राट वाढणार नसल्याचे कळवण्यात आले. बाकीच्यांनी काम थांबवले. संप जानेवारीपर्यंत चालला आणि २०२२ च्या मे महिन्यात त्यांनी १९ विरुद्ध ३ मतांनी आपली युनियन मान्य करून घेतली. अमेरिकेतल्या एखाद्या बड्या गेम कंपनीत झालेली ही पहिली युनियन. ज्या मालिकेवर अब्जावधी डॉलर मिळतात तिच्या चुका शोधणाऱ्या माणसाला नोकरी टिकण्यासाठी संप करावा लागला, ही नोंद महत्त्वाची आहे. पुढे २०२३ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने ६,८७० कोटी डॉलर मोजून ती सारी कंपनीच विकत घेतली आणि तीन महिन्यांनी, २०२४ च्या जानेवारीत, आपल्या गेम विभागातल्या १,९०० लोकांना घरी पाठवले.

हे सारे अमेरिकेत घडले. महाराष्ट्रातले प्रकरण पुण्याचे आहे, आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने तेच सर्वांत जवळचे आहे.

यूबिसॉफ्ट ही फ्रेंच कंपनी १९८६ साली पाच भावांनी स्थापन केली. पुण्यात तिचा स्टुडिओ २००८ मध्ये सुरू झाला आणि मुंबईत २०१८ मध्ये. बुलढाणा, अकोला, वाशीमकडून अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुण्याची गाडी पकडणाऱ्या मुलांना अशा कंपन्यांचे नाव म्हणजे मोठे आकर्षण. तथापि येथे दीर्घकाळ जे काम आले ते बहुतांशी दुसऱ्यांच्या खेळांना हातभार लावण्याचे : एका यंत्रावरचा खेळ दुसऱ्या यंत्रावर चालता करणे, चुका शोधणे, जोडकामे करणे. मुंबईच्या गिरणीत सूत कातावे आणि छाप मात्र मँचेस्टरचा बसावा, तशातला हा प्रकार.

२०२० च्या सप्टेंबरात मात्र कंपनीने जाहीर केले की ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या तिच्या गाजलेल्या खेळाची पुनर्निर्मिती पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओ करीत आहेत. या राजपुत्राची कथाही सांगण्यासारखी आहे. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने धाकट्या भावाला धावावयास, उड्या मारावयास लावून त्याचे चित्रण केले, त्यावरून एकेक आकृती काढली आणि १९८९ साली तो खेळ ॲपलच्या जुन्या संगणकासाठी प्रसिद्ध झाला. तो नोकर नव्हता. लेखकाप्रमाणे प्रकाशकाशी करार करून विक्रीचा वाटा घेत होता आणि राजपुत्राचे हक्क त्याने स्वतःकडे राखले. यूबिसॉफ्टने त्याच्याशी करार करून २००३ साली ‘सँड्स ऑफ टाइम’ काढला. त्याच राजपुत्राचा पुढचा खेळ करावयास बसलेल्या चमूच्या हातून २००७ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड’ जन्मला. हा नवा खेळ खपू लागताच २००९ ते २०१५ अशी सलग सात वर्षे त्याचा मुख्य भाग दरवर्षी निघाला. २०१४ चा ‘युनिटी’ इतका अर्धाकच्चा बाजारात आला की पात्रांच्या चेहऱ्यावरची कातडी गायब होऊन नुसते डोळे आणि दात दिसत. कंपनीला माफी मागावी लागली आणि २०१६ साल तिने मोकळे सोडले. बेवड मोडण्याचे शहाणपण असे उशिरा आले.

पुण्या-मुंबईच्या कामगारांच्या वाट्याला मग हेच जुने नाव आले. त्यांना नवा खेळ रचावयास सांगितले नव्हते. सतरा वर्षांपूर्वीचा खेळ पुन्हा, चाळीस डॉलर किमतीत, नव्या रंगात उभा करावयास सांगितले होते. पहिली चित्रफीत दिसताच जगभरच्या चाहत्यांनी तिच्या रंगरूपाची टर उडवली. टीकेतला मोठा भाग भारतीय स्टुडिओंच्या नावाने झाला, आणि त्यात वर्णाचा दर्पही कमी नव्हता. किंमत कोणी ठरवली, मुदत कोणी ठरवली, हे विचारणारे थोडे. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली. फेब्रुवारीत ती बेमुदत पुढे ढकलली गेली. मे २०२२ मध्ये काम पुण्या-मुंबईकडून काढून कॅनडातल्या माँट्रियलकडे दिले गेले. आणि जानेवारी २०२६ मध्ये, कंपनीच्या मोठ्या फेररचनेत, रद्द झालेल्या सहा खेळांत या राजपुत्राचे नाव निघाले. अपेक्षित दर्जा गाठता आला नाही, असे कारण देण्यात आले.

आजवर नोकरी गेली, पगार थकला, तास वाढले, असे प्रश्न चळवळीपुढे आले. येथे आणखी एक प्रश्न आहे. पुण्यातल्या मुलाने तीन वर्षे बसून जे महाल, ज्या कमानी, जे धुळीचे लोट घडवले ते आता कोठे आहेत? कंपनीच्या संगणकात, कुलपाआड. त्याला ते कोणाला दाखवता येत नाहीत, विकता येत नाहीत, त्यातून दुसरे काही करता येत नाही. कारागिराने घडवलेली मूर्ती मालकाने फोडली तर निदान तुकडे तरी दिसतात.

दरम्यान भांडवलाची गणिते चालूच आहेत. मार्च २०२५ मध्ये यूबिसॉफ्टने आपली तीन धनवान नावे, असॅसिन्स क्रीड, फार क्राय आणि रेन्बो सिक्स, वेगळ्या उपकंपनीत काढण्याचे ठरवले आणि चीनच्या टेन्सेंटने तिच्यातल्या सुमारे पाव हिश्शासाठी ११६ कोटी युरो देण्याचे कबूल केले. जुना जमीनदार अडचणीत आला की बागायत वेगळी काढून गहाण टाकतो आणि कोरडवाहू तशीच सोडतो, तसे हे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही सौदी अरेबियाच्या राजनिधीने आणि दोन अमेरिकन गुंतवणूक संस्थांनी ५,५०० कोटी डॉलरांना विकत घेण्याचा करार जाहीर झाला. त्यातले २,००० कोटी कर्जाऊ. या कर्जाचे व्याज फुटबॉलच्या मैदानातूनच निघावयाचे आहे.

पर्याय नाही असे मात्र नाही. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स या छोट्या स्टुडिओने २०२० साली ‘राजी’ हा स्वतंत्र खेळ काढला. भावाच्या शोधात निघालेल्या एका मुलीची ती कथा, राजस्थानी वास्तुशैलीच्या पार्श्वभूमीवर रचलेली. तो फार मोठा नव्हता, निर्दोषही नव्हता; पण तो कोणाचा तिसरा भाग नव्हता. फ्रान्समध्ये यूबिसॉफ्ट सोडून बाहेर पडलेल्या तरुणांनी सँडफॉल हा स्टुडिओ काढला. सुमारे तीस माणसांच्या मुख्य चमूने केलेल्या त्यांच्या ‘क्लेअर ऑब्स्क्यूर : एक्स्पेडिशन ३३’ या संपूर्ण नव्या नावाच्या खेळाला २०२५ च्या डिसेंबरात वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. जे कंपनीत राहून करता आले नाही ते बाहेर पडून करता आले, यात सारे आले. पण अशा सुट्या यशांवर फार विसंबू नये. दर वर्षी असे शेकडो स्टुडिओ उधारीत बुडतात, आणि जो तरतो त्याच्या दारात दुसऱ्याच दिवशी नाव विकत घेणारा उभा राहतो.

म्हणून प्रश्न चांगल्या-वाईट अभिरुचीचा नाही. मुलांना उपदेश करून तो सुटणार नाही. प्रश्न मालकीचा आहे, आणि त्यावर या देशात एक पायरी आधीच चढून झालेली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार नोकरीत असताना केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, मालकच असतो. चित्रपटाच्या गीतकार-संगीतकारांची स्थिती दीर्घकाळ याहून बरी नव्हती; गाणे पन्नास वर्षे वाजे आणि लिहिणाऱ्याचे घर चालत नसे. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर हा प्रश्न लावून धरला आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्यांच्या मानधनाच्या वाट्याला असे संरक्षण मिळाले की तो हक्क निर्मात्याला लिहून देताच येत नाही. हे संरक्षण चित्रपट आणि ध्वनिमुद्रणातल्या गीत-संगीतापुरते आहे. खेळाचे महाल उभारणारा, पात्रांना चाल देणारा, नियम रचणारा त्यात नाही. कसेल त्याची जमीन ही घोषणा ज्या महाराष्ट्राने कायद्यात उतरवली तेथे ही मागणी परकी वाटू नये.

आणि मागणी करावयाची वेळही हीच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम आणि गेमिंग यांच्यासाठी एक धोरण मंजूर केले. २०५० पर्यंतच्या या योजनेत तीन हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम धरलेली आहे. हा पैसा वडनेर भोलजीच्या शेतकऱ्याने काडेपेटीपासून खतापर्यंत भरलेल्या करातला आहे. त्यातून सवलतीची जागा, वीज आणि अनुदान घेणाऱ्या कंपनीने निदान एवढे लिहून द्यावे : खेळात राबलेल्या प्रत्येकाचे नाव, कंत्राटी टेस्टरसुद्धा, त्या खेळात छापले जाईल, येथे रचलेल्या नव्या कथेच्या आणि पात्रांच्या उत्पन्नात रचणाऱ्यांचा वाटा राहील, आणि कंपनीने एखादे काम ठरावीक वर्षे कुलपात ठेवले तर ते घडवणाऱ्यांना ते परत मागता येईल. नांदुरा, मलकापूर, खामगाव येथील कार्यकर्त्यांनी गावातून पुण्याला गेलेल्या, या धंद्यात असलेल्या मुलांची यादी करावी, दिवाळीला ती घरी येतील तेव्हा त्यांना एकत्र बसवावे आणि त्यांच्या नेमणूकपत्रातली मालकीची कलमे त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यावीत. बहुतेकांनी ती सही करताना वाचलेली नसतील.